बेरीज शंभर

भास्करनाना देवरे मंगळवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास धुळ्यात राहत्या घरी वारले. वय एक्क्याऐंशी. निवृत्त गणित शिक्षक. मागे एक मुलगी आहे. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

मला बातमी जळगावात, मेहरूणच्या घरी, नऊ वाजून दहा मिनिटांनी फोनवर कळली. कुणीतरी चित्र पाठवलं होतं. चौखूर उधळलेला पांढरा घोडा, कोपऱ्यात शाळेच्या जुन्या फोटोतून कापून चिकटवलेला नानांचा चेहरा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘चारवाले नाना गेले’. संध्याकाळपर्यंत तेच चित्र मला अकरा जणांकडून आलं. नाना आयुष्यात कधी रेसकोर्सवर गेले नव्हते. पांढऱ्या घोड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. आणि तो ‘चार’ त्यांचा नव्हता. मी चित्र पुसून टाकलं. नानांशी संबंधित काहीतरी पुसण्याची माझी ही दुसरी वेळ. पहिलीबद्दल पुढे येईल.

नाना मला आठवी ते दहावी गणिताला होते. धुळ्यात त्यांना कुणी सर म्हणत नसे, विद्यार्थीसुद्धा नानाच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी संभाव्यतेचा एक छंद धरला. पुण्या-मुंबईच्या रेसमध्ये धावणाऱ्या प्रत्येक घोड्याला आधीच्या धावांवरून एक आकडा दिलेला असतो, त्याला रेटिंग म्हणतात. मोठ्या आकड्याच्या घोड्यावर जास्त वजन चढवतात. नाना त्या वजनाचा हिशेब करून स्वतःचा आकडा काढत, आणि मग त्या आकड्याचा भाव करत. त्यांची रीत सोपी होती. सगळ्यांत वरच्या घोड्याला सोळा भाग. त्याच्याहून पाच गुणांनी खाली असलेल्याला आठ, दहा गुणांनी खाली असलेल्याला चार, असे दर पाच गुणांना निम्मे. सगळे भाग मिळवायचे आणि प्रत्येकाचा शेकडा काढायचा. शेकडा वीस असेल तर तो घोडा पाचांतून एकदा येणार, म्हणजे न्याय्य भाव एकाला चार. शेकडा दहा असेल तर दहांतून एकदा, म्हणजे एकाला नऊ. शेवटी सगळे शेकडे मिळवून पाहायचे. त्यांच्या मते खरं काम हे शेवटचंच होतं. कुठला तरी एक घोडा येणारच, म्हणून बेरीज शंभर. कमी नाही, जास्त नाही. बुकीच्या फळ्यावरच्या भावांचे शेकडे काढून मिळवले तर ते एकशे पंधरा, एकशे वीस भरतात. वरचे ते पंधरा-वीस म्हणजे त्याची कमाई. नाना त्याला ‘सूज’ म्हणत.

मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. ते दैनिक आता बंद पडलं आहे. रविवारच्या पुरवणीत नानांचा तक्ता छापायची कल्पना माझी. त्यांनी दोन अटी घातल्या. तक्त्याखाली नाव पूर्ण छापायचं, आणि नावाखाली दोन शब्द : ‘बेरीज शंभर’. चार वर्षं तक्ता छापला गेला. तो गणिताचा नमुना म्हणून छापतो, असं आम्ही म्हणत असू. खानदेशात रेसकोर्स नाही. इथे बसून फोनवर पैसे लावणं गुन्हा आहे. तरी पाचोऱ्यापासून दोंडाईचापर्यंत तो तक्ता कशासाठी वाचतात, हे कार्यालयातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. नानांना ठाऊक होतं का? मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “थर्मामीटरमुळे ताप येत नाही.” हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं, आज पटत नाही.

जळगावातल्या एका बुकीने, त्याला सगळे शेठ म्हणतात, नानांना आधी गाठलं होतं. माझा फळा तुम्ही लिहा, अशी मागणी होती. नानांनी त्याला घरात बसवून चहा पाजला, पाटीवर बेरीज करून दाखवली आणि सूज उतरवून ये म्हणून सांगितलं. शेठ हसून परत गेला. नंतर तो आमच्या मालकांकडे येऊ-जाऊ लागला.

सतरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका शनिवारी दुपारी, नानांनी नेहमीप्रमाणे फोनवर तक्ता सांगितला. सहा घोडे. मी लिहून घेतला, वाचून दाखवला. पाच वाजता जाहिरात विभागाचे प्रमुख माझ्या टेबलाशी आले. तक्त्यातल्या चौथ्या घोड्यासमोर नऊ आहे तिथे चार करा, असं त्यांनी सांगितलं. कुणाचं म्हणणं आहे, असं मी विचारलं. त्यांनी वरच्या मजल्याकडे, मालकांच्या खोलीकडे बोट केलं. हेतू उघड होता. नानांच्या तक्त्यात चार दिसले आणि शेठने सहा देऊ केले, तर लोकांना ते स्वस्तात मिळाल्यासारखं वाटणार आणि झुंबड उडणार. खरा भाव नऊ होता. हे सगळं मला त्या क्षणी कळत होतं. मी नऊचा चार केला. एवढं करायला दोन सेकंद लागतात.

रविवारी सकाळी पेपर धुळ्यात पोचला. नानांनी छापलेल्या तक्त्याची बेरीज केली, ती ते दर रविवारी करत. एकशे दहा. कार्यालयात फोन उचलायला कुणी नव्हतं, तेव्हा ते एस.टी.त बसले. साडेअकराला ते कार्यालयाच्या दारात उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, हातात घडी केलेली पुरवणी. मी दारातच भेटलो. छपाईची चूक झाली, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, रेस तीनला आहे, अजून वेळ आहे. रागावले की ते अहिराणीवर येत.

“बठ्ठं मिळीसन शंभर जोयजे. खाले मन्हं नाव शे.” सगळं मिळून शंभर हवं, खाली माझं नाव आहे.

कार्यालयाबाहेर ताज्या बातम्या लिहायचा काळा फळा होता. नानांनी खिशातून खडू काढला. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात खडू असे. त्यांनी मोठ्या अक्षरांत सहाही घोडे, सहाही भाव आणि शेकडे लिहिले आणि खाली रेघ मारून बेरीज केली. शाळेतला तोच हात, तीच सरळ रेघ. सात-आठ माणसं जमली. एक जण म्हणाला, “नाना, आता मागं घेता का? आमचं तर लावून झालं!” बाकीचे हसले. नाना त्यांना समजावू लागले, नऊ म्हणजे काय आणि चार म्हणजे काय. ऐकायला कुणी थांबलं नाही. अर्ध्या तासाने वरून निरोप आला. शिपाई ओलं फडकं घेऊन माझ्याकडे आला आणि पुसू का, म्हणून त्याने विचारलं. फळ्याची जबाबदारी माझी होती. मी पूस म्हटलं. नाना चार पावलांवर उभे होते.

तीननंतर रेस झाली. त्या चौथ्या घोड्याचं नाव मंडे पोस्टमन. तो पहिला आला.

पुढचं सगळं मला आजही किळसवाणं वाटतं, म्हणून जेवढं घडलं तेवढंच लिहितो. नाना बसस्थानकावर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होते, मी त्यांना पोचवायला गेलो होतो. तिथे पाचोऱ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याने त्यांना ओळखलं आणि सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरले. कुणीतरी पेढे आणले. नानांच्या तोंडात एक पेढा कोंबला गेला. “नाना, तुम्ही देवमाणूस. अख्खा बाजार सहा म्हणत होता, तुम्ही चार म्हटलं!” नानांनी पेढा तोंडातून काढून रुमालात ठेवला आणि सांगायचा प्रयत्न केला.

“मी नऊच म्हटलं होतं. नऊवालाही येतो. दहांतून एकदा येतो. तो आज आला, एवढंच.”

व्यापाऱ्याला हा विनय वाटला. त्याने ते पुढे शंभर जणांना विनय म्हणूनच सांगितलं.

त्या दिवशी आपलं मोठं नुकसान झालं, असं शेठ अजून सांगतो. याची खात्री करता आलेली नाही. पुढच्या महिन्यापासून त्याच्याकडची गर्दी वाढली, ही मात्र खात्रीची गोष्ट.

नानांनी पुन्हा तक्ता दिला नाही. त्यांनी दुरुस्ती मागितली, एका ओळीची. संपादक त्यांच्याशी आदराने बोलले. घोडा आला ना नाना, मग दुरुस्ती कसली करायची, लोक हसतील, असं ते म्हणाले. त्यानंतर दर सोमवारी नानांचं पोस्टकार्ड येऊ लागलं. मजकूर एकच : ‘त्या रविवारच्या तक्त्याची बेरीज एकशे दहा आहे. ती शंभर हवी. कृपया दुरुस्ती छापावी.’ विभागात त्यावर विनोद चालत. पोस्टकार्ड आलं की कुणीतरी ‘मंडे पोस्टमन आला’ म्हणून ओरडे. मीही हसलो आहे. दीड वर्षाने कार्डं यायची थांबली. तोवर ‘चारवाले नाना’ हे नाव पक्कं झालं होतं. बाजारात भाजी घेतानाही लोक त्यांना पुढच्या रविवारचा घोडा विचारत. ज्या माणसाने चाळीस वर्षं मुलांना उत्तर आलं तरी रीत चुकली असेल तर गुण मिळणार नाहीत असं सांगितलं, त्याला गाव एका चुकीच्या रीतीच्या बरोबर आलेल्या उत्तरासाठी ओळखू लागलं.

शेवटची भेट मृत्यूच्या तीन महिने आधीची. धुळ्याच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी ते बसले होते. ऐकू कमी येत होतं, डोळे ठीक होते. वही चालूच होती. तक्ता छापायचा थांबला तरी त्यांनी एकही रविवार सोडला नव्हता. त्यांची मुलगी माधुरी चहा ठेवून गेली. मी कानाशी वाकून जे सांगायचं होतं ते सांगितलं. छपाईची चूक नव्हती, तो आकडा मी बदलला.

“माहीत शे,” ते म्हणाले. मग पेन्सिलीला टोक केलं, भुसा कागदावर गोळा केला. “छापशी कव्हय?”

केव्हा छापणार, एवढंच त्यांनी विचारलं. पेपर बंद पडला, नाना, असं मी म्हणालो. त्यांनी वही पुढे ओढली आणि अर्धवट राहिलेली बेरीज पुरी केली.

दहाव्यानंतरच्या रविवारी जळगावात शोकसभा झाली. व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर तोच पांढरा घोडा होता आणि माणसाएवढा उंच चारचा आकडा. पाच जण बोलले, पाचही जण त्या रविवारबद्दल बोलले. नानांचा भाव कधी चुकला नाही, असं शेठने सांगितलं आणि त्याचे डोळे पाणावले. नानांच्या नावाने फोनवर एक ग्रुप काढत असल्याचं त्याने तिथेच जाहीर केलं. दोन मिनिटं शांतता पाळताना मागच्या रांगेतल्या एका फोनमधून रेसचं समालोचन ऐकू येत होतं. ते कुणी बंद केलं नाही. माधुरी पहिल्या रांगेत होती. नमस्कार करताना ती मला म्हणाली, “दादा, वही घरी आहे. या एकदा.”

मी गेल्या गुरुवारी धुळ्याला गेलो. खिडकीजवळचं टेबल तसंच आहे, पेन्सिल वहीच्या मधल्या घडीत ठेवलेली. माधुरीने कपाटातून सतरा वर्षांपूर्वीची वही काढून दिली. माझ्याकडे छापील तक्त्याचं कात्रण होतं. दोन्ही शेजारी ठेवून मी ओळी ताडून पाहिल्या, मग माधुरीने पाहिल्या.

त्या रविवारच्या पुरवणीतल्या तक्त्यात चौथा घोडा मंडे पोस्टमन याचा भाव एकाला चार असा प्रसिद्ध झाला होता. भास्कर देवरे यांनी दिलेला भाव एकाला नऊ होता. सहा घोड्यांचे शेकडे अनुक्रमे चाळीस, वीस, वीस, दहा, पाच, पाच. बेरीज शंभर.