फोन असा पाहिजे, शकीलभाई!

मुरुमच्या बाजारात माझं मोबाईलचं दुकान आहे. दुकानात माल कमी आणि किस्सेच जास्त. माल निदान विकला तरी जातो, किस्से घरी न्यावे लागतात. बायको ऐकते आणि विचारते, "ह्यातला येडा तुमीच ना?" बहुतेक वेळा मीच असतो.

मधी कंपनीचे एक साहेब आले. म्हणाले, "शकीलभाई, पुढच्या फोनमध्ये लोकांना काय पाहिजे, जरा विचारत जा." झालं! त्या दिवसापासून मी स्वतःला शास्त्रज्ञच समजायला लागलो. गिऱ्हाईक साधं कव्हर घ्यायला आलं तरी त्याला खुर्ची देऊन विचारायचो, "बोला, पुढचा फोन कसा पाहिजे?"

*

पहिल्या सापडल्या कलावतीकाकू. शेजारीच त्यांची खानावळ आहे. म्हणाल्या, "पिठाच्या हातानं चालंल असा काढा बाबा. भाकरी थापताना फोन आला की मी नाकानं उचलती."

"नाकानं?"

काकूंनी काउंटरवर वाकून करूनच दाखवलं. एकदम सफाईदार! त्या गेल्यावर मला राहवेना. मीही वाकलो, नाक फिरवलं, आणि फोन लागला थेट सासऱ्यांना! त्यांना मी ईदशिवाय फोन करत नाही. घाबरून कट केला.

संध्याकाळच्या एसटीनं सासरे दारात हजर. "शकीलमियाँ, खरं सांगा, काय झालंय?"

काय सांगणार? नाक घसरलं म्हणून?

*

बियाण्याच्या दुकानातल्या पांडूमामांची मागणी वेगळीच. "बायकोचा फोन आला की मागं एसटीचा आवाज आला पाहिजे. म्हंजे 'वाटंतच हाय' म्हणता येतंय."

मी त्यांना लई हसलो. आणि ते गेल्यावर गुपचूप एसटीचा आवाज उतरवून घेतला!

दुपारी मॅच रंगात आली होती, तेवढ्यात बायकोचा फोन. मी आवाज लावला आणि ओरडलो, "अगं, मी उमरग्याला निघालोय, गाडीत हाय!"

ती शांतपणे म्हणाली, "मग गाडीतनं उतरा अन् वर या. कालवण निवायलंय."

आमचं घर दुकानाच्या बरोबर वर आहे. खिडकीही उघडीच होती.

*

महादू गवंड्याच्या अंगठ्याच्या रेघा सिमेंटनं पार पुसून गेल्यात. म्हणाला, "मला वळखंल असा फोन द्या." मी ऐटीत नवा फोन काढला. "ह्यो कुणालाबी वळखतो!" पण त्याचा अंगठा काही घेईना. चार लोक बघत होते, इज्जतीचा सवाल! मी माझाच अंगठा लावून टाकला. फोन खटकन उघडला. महादू खूश, मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादू शटर उघडायची वाट बघत उभा. फोन फक्त माझ्याच अंगठ्यानं उघडायचा! आकडे टाकूनही उघडता येतो, पण ते आकडे मीच ठेवले होते आणि मीच विसरलो होतो.

"भाई," महादू म्हणाला, "येक तर फोन वापस घ्या, न्हायतर अंगठा द्या!"

*

साहेब परत आले. मी सगळं सांगितलं. पीठ, एसटी, अंगठा. साहेबांनी मान डोलवली, टॅबवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड! म्हणजे कॅमेरा अजून मोठा पाहिजे."

*

पण मला पुरतं गार केलं ते बालाजीनं. बसस्टँडजवळ त्यानं नवीनच शिलाईचं दुकान टाकलं होतं. पहिल्यांदाच आला होता. मी सुरू झालो, "ह्या फोनचा आवाज बघा, गल्लीभर जातोय!" स्पीकर फुल करून गाणं लावलं. तो बिचारा शांतपणे ऐकत राहिला. म्हणजे मला तसं वाटलं. गाणं संपल्यावर त्यानं कानाला हात लावला आणि 'नाही' अशी मान हलवली.

त्याला ऐकूच येत नव्हतं! मला तर काउंटरखाली घुसावं वाटलं.

मग त्यानं माझ्या मोबाईलवर लिहून सांगितलं. तो आणि त्याची बायको, दोघंही हातानं बोलतात. भांडण होऊन ती येरमाळ्याला माहेरी गेलेली. हा तिथं जाऊन आला, तिनं दार उघडलं नाही. व्हिडिओ कॉल तेवढा उचलते. पण एका हातात फोन, मग बोलणार अर्धंच! अर्ध्या बोलण्यानं भांडण अजूनच वाढलं. आज नाही जमलं तर ती कायमची तिकडंच राहणार होती.

मी स्टँड दाखवला. त्यानं लिहिलं, 'मी बोलताना एका जागी थांबत नाही. फोन माझ्यामागं फिरला पाहिजे.'

तसला फोन कुठून आणू? मी लिहिलं, 'लाव कॉल, मी धरतो.'

तो दुकानात येरझाऱ्या घालत दोन्ही हातांनी बोलत होता, आणि मी त्याच्याकडं फोन धरून त्याच्यापुढं उलट्या पावलांनी. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण त्यानं दोन्ही कान धरले, छातीवर हात ठेवला, आणि माझेच डोळे भरून आले. हुंदका काही आवरेना.

रडतरडत मी पुढून स्क्रीनमध्ये डोकावलो, तर त्याची बायको माझ्याकडं बोट दाखवून भराभरा हात हलवायला लागली. शेजारी तिची धाकटी बहीण होती, ती ओरडली, "ओ दुकानवाले भाऊ! आक्का म्हणतीय, तुमी कशाला रडायलाव? फोन हलायलाय! दाजीची माफी अर्धीच दिसली. नीट धरा, अन् त्यांना म्हणावं, पुन्यांदा पहिल्यापासनं मागा!"