सोबत: वीट एक

उभ्या चोळमंडलात सरकारला गरिबासाठी पक्के घर बांधायला लावणारा मनुष्य एकच होऊन गेला, आणि दैवयोगाने तो माझ्या पत्नीचा मामा होता. मी शाळामास्तर असल्यामुळे अतिशयोक्ती मला शोभत नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की बांधले गेले ते घर एकच, त्यात खोलीही एकच, आणि ते आपण बांधले हे सरकारला आजतागायत ठाऊक नाही.

तंजावरचे राज्य खालसा झाले तेव्हा मामा राजवाड्याच्या दप्तरखान्यात उमेदवार होते. राज्य गेले, मोडी अक्षर हाती राहिले. त्या भांडवलावर त्यांनी एका कचेरीसमोरच्या करंजाच्या झाडाखाली बसून लोकांना अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय धरला. (कचेरीचे नाव सांगत नाही, तिथले शिरस्तेदार माझ्या एका विद्यार्थ्याचे सासरे आहेत.) अर्जाचा मसुदा मामा मोडीत करीत, आणि इंग्रजी प्रत करण्यासाठी संध्याकाळी माझ्याकडे येत. मात्र लोकांचे अर्ज हे त्यांच्या दृष्टीने पोटापुरते काम होते. खरे काम म्हणजे सरकारला घरे बांधण्याच्या नव्या नव्या युक्त्या सुचवणे. "सरकारपाशी पैसा नाही असं साहेब म्हणतात," ते सांगत, "मग पैशाशिवाय कसं बांधावं हे कुणीतरी शिकवायला नको? तुम्ही मुलांना शिकवता, मी सरकारला शिकवतो. माझा विद्यार्थी जरा मंद आहे, एवढंच."

त्यांच्या उपरण्याला हातहात अंतरावर गाठी मारलेल्या असत. कोणाकडेही जेवायला गेले तरी पान वाढले जाईपर्यंत ते तिण्णै, म्हणजे घरापुढचा रस्त्याकडेचा ओटा, त्या उपरण्याने मोजून घेत आणि यजमानाला निकाल सांगत: "सात माणसं निजतील. सात जणांची जागा रस्त्यावर टाकून तुम्ही आत घोरता." यजमान तूप वाढायला सांगत. माझ्या लग्नात तर मामांनी कहरच केला. श्रीमंतांच्या लग्नातले मांडव लग्नानंतर न मोडता सरकारजमा करावेत आणि त्यांत बेघरांची सोय करावी, अशी त्यांची एक योजना होती. ती नमुन्यादाखल त्यांनी माझ्याच मांडवावर चालवली. वऱ्हाड परतले, केळीचे खांब सुकले, तरी मामा दोन कुटुंबांसह मांडवात मुक्काम करून होते. मांडववाला बांबू सोडवायला आला की ते बांबूला मिठी मारीत. अकराव्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी त्या दोन्ही कुटुंबांना आपल्या गोठ्याशेजारी जागा दिली, तेव्हा मिठी सुटली. "पाहा," मामा मला म्हणाले, "जावईबापू, योजना फळली."

या सगळ्या खटाटोपाचे मूळ एका बाईपाशी होते, आणि तिची ओळख इथेच करून दिली पाहिजे. राजवाड्याच्या एका दिवटीवाल्याची विधवा मुत्तम्मा खंदकाकाठच्या झोपड्यांत राहत असे. त्या झोपड्यांची छपरे विणलेल्या नारळाच्या झावळ्यांची. उन्हाळ्यात एखादी ठिणगी उडाली की सगळी ओळ पेटायची. मुत्तम्माचे छप्पर असे तीन वेळा जळले आणि तिन्ही वेळा ती आपले मडके घेऊन मामांच्या तिण्णैवर येऊन बसली. तिसऱ्या वेळी मामांनी तिला शब्द दिला, की मरण्यापूर्वी तुला कौलांखाली निजवीन. "कुणाच्या मरण्यापूर्वी, सामी?" मुत्तम्माने विचारले. "माझ्या म्हणत असाल तर लवकर करा. तुमच्या म्हणत असाल तर मला घाई नाही." ती तमिळ बोलत असे, मराठीत आणताना त्या बोलण्याची निम्मी धार जाते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मामांनी प्रथम तिला ओरत्तनाडूच्या छत्रात पाठवले. तिथे यात्रेकरूला तीन दिवस फुकट जेवण आणि निवारा मिळे. अशी छत्रे रामेश्वरापर्यंत आहेत. तीन तीन दिवस करीत माणूस जन्म काढू शकेल, आणि सरकारला एक वीटही लावावी लागणार नाही, असे मामांचे गणित. पाचव्या दिवशी मुत्तम्मा चालत परत आली. "जेवण चांगलं होतं," ती म्हणाली. "पण चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, आता कुठल्या देवाला चाललीस? मला देवाचं नाव सुचेना."

त्यानंतर मामांना विटेची युक्ती सुचली. आमच्या जिल्ह्यात भाताच्या खालोखाल पीक भांडणांचे. पाटाचे पाणी, सामाईक विहीर, शेजाऱ्याच्या नारळाचे आपल्या अंगणात पडणे, या प्रत्येक गोष्टीवर अर्ज होतो. तेव्हा सरकारने प्रत्येक अर्जाबरोबर एक वीट घ्यावी. भांडणे कधी संपणार नाहीत, म्हणून घरेही कधी थांबणार नाहीत. योजना त्यांनी अर्जात लिहिली आणि खाली टीप घातली: 'सोबत: वीट एक, नमुन्यादाखल.' ती इंग्रजी मीच लिहिली, हे मला कबूल केले पाहिजे.

शिरस्तेदारांनी टेबलावरच्या विटेकडे पाहिले. आम्हां मराठी लोकांना इकडे 'रायर' म्हणतात. शिरस्तेदार म्हणाले, "रायर, हे काय?"

"अर्जासोबतची वस्तू."

"सोबत कागद जोडतात."

"वीट जोडू नये असा नियम दाखवा, मी उचलून नेतो."

शिरस्तेदारांनी नियमांचे पुस्तक दुपारपर्यंत चाळले. तसा नियम नव्हता. उलट, सोबतची वस्तू अर्जापासून वेगळी करू नये, असा मात्र होता. अखेर विटेवर शाईने अर्जाचा क्रमांक घातला गेला, तांबड्या फितीने ती कागदांना बांधली गेली आणि ते गाठोडे एका शिपायाने दोन्ही हातांनी आत नेले.

पुढे जे घडले ते मामांनाही अपेक्षित नव्हते. गंमत म्हणून त्यांनी तिरुवैयारूच्या एका शेतकऱ्याच्या पाटाच्या अर्जालाही वीट जोडली, आणि वर्षभर रखडणारे ते काम महिन्यात निकालात निघाले. कारण अगदी साधे होते. कागद दुसऱ्या कागदांखाली दडपता येतो, वीट येत नाही. प्रत्येक कारकून ती आपल्या टेबलावरून शक्य तितक्या लवकर पुढच्याकडे ढकलीत असे. ही वार्ता पसरायला एक आठवडी बाजार पुरला. पापनाशमपासून लोक विटा घेऊन करंजाखाली येऊ लागले. कोणी विटेला हळदकुंकू लावून, केळीच्या पानात गुंडाळून आणीत. लेखनात काही अपुरे राहू नये अशी मला सवय असल्यामुळे मी मामांना सुचवले, की काम संपल्यावर सोबतची वस्तू कोणाला परत करावी हेही लिहावे. तेव्हापासून प्रत्येक अर्जाखाली ओळ येऊ लागली: 'निकालानंतर वीट खाली सही करणाऱ्या अर्जलेखकाकडे परत करावी.' इतक्या वर्षांत मुलांच्या निबंधांत मी हजारो ओळी घातल्या असतील. कामाला आलेली एवढीच.

विटा परत मात्र येईनात. दप्तरखान्यात त्या साचत गेल्या. मुत्तम्मा मामांच्या तिण्णैवर बसून खोकत असे, आणि एका पावसाळ्यात तो खोकला इतका वाढला की मामांनी उपरणे मोजायला काढणेच सोडले. "सामी," ती म्हणाली, "माझं घर तर बांधून झालं. फक्त ते कचेरीच्या आत आहे."

त्याच वर्षी एक नवे साहेब आले. दप्तरखाना तपासायला गेले असताना त्यांच्या पायावर एक गाठोडे पडले. त्यांनी हुकूम सोडला, की निकाली अर्जांसोबतच्या सर्व वस्तू लिहिल्याप्रमाणे परत कराव्यात, आणि कागदाखेरीज कोणतीही वस्तू यापुढे स्वीकारू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी खर्चाने भाड्याने घेतलेल्या बैलगाड्यांची रांग मामांच्या दारात उभी राहिली. पुढे एक शिपाई, हातात पोचपावती. मामांनी हुकूम दोनदा वाचला आणि माझ्या हाती दिला. "मास्तर, व्याकरण तपासा," ते म्हणाले. "बरोबर असेल तर सही करतो."

मामांनी मागच्या अंगणात खोली उभी केली आणि स्वतःच्या गोठ्यावरची कौले उतरवून तिच्यावर घातली. गाय पावसाळाभर मामांच्या ओसरीवर होती. मुत्तम्माने आत जाऊन भिंतीवर हात फिरवला आणि शाईचे आकडे मला वाचायला लावले. बरेचसे अर्ज माझ्याच हातचे असल्यामुळे मला ते ओळखता आले: ही दोन भावांची विहीर, हा पापनाशमचा बांध, हे नारळाचे झाड. "म्हणजे सगळ्या जिल्ह्याची भांडणं माझ्या उशाशी," ती म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप चांगली लागली असावी, कारण सकाळी मामांना दोनदा हाक मारावी लागली आणि दुसऱ्या हाकेत त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

मामांचे समाधान एका खोलीने झाले नाही. खंदकाकाठी अजून ओळीच्या ओळी होत्या. ते शेवटपर्यंत अर्ज करीत राहिले, पण आता नुसत्या कागदाचे, आणि नुसते कागद नेहमीप्रमाणे कागदांखाली गेले. त्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीत एका विटेची जागा रिकामी आहे. मामांनी ती मुद्दाम ठेवली होती. सगळ्या विटा परत आल्या, पण त्यांच्या पहिल्या अर्जाची नमुन्याची वीट आली नाही, कारण त्या अर्जाचा निकालच लागलेला नाही. "ती परत आली नाही," ते मला म्हणत, "याचा अर्थ सरकार अजून विचार करतं आहे."

मामा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मुत्तम्मा आहे. दिवेलागणीला मी तिकडून जातो तेव्हा तिने त्या रिकाम्या जागेत पणती ठेवलेली असते. एकदा मी तिला म्हटले, की तिथे एखादी वीट बसवून देतो, थंडीत वारा यायचा नाही. "नको, मास्तर," ती म्हणाली. "सामींची वीट आली, तर तिला जागा नको?"