अंगठा जुळत नाही

आमचं गाव 'कॅशलेस' झालं, त्या दिवशी मी मांडवात खुर्च्या लावत होतो. हेमलकशापलीकडच्या जंगलातलं गाव, मी तिथल्या शाळेत मास्तर. जिल्ह्याहून साहेबांच्या गाड्या आल्या. किराणा दुकानदाराला अंगठ्याचं एक यंत्र मिळालं. पहिली खरेदी आदिवासी बाईच्या हातून व्हावी म्हणून शाळेशेजारच्या म्हाताऱ्या माडिया बाईला पुढं ओढलं. बाई एकटीच राहायची. मुलगी तेलंगणात मिरची तोडायला गेलेली.

साहेबांनी तिचा अंगठा यंत्रावर दाबला. यंत्र गप्प. गावात रेंजच नाही, हे साहेबांसोबतच्या त्या फौजेतल्या कुणीही आधी विचारलं नव्हतं. साहेबांनी तिच्या हातात मिठाची पुडी दिली, फोटो काढवला आणि माईकवर सांगून टाकलं, "क्रांती झाली!" टाळ्या त्यांच्याच माणसांनी वाजवल्या.

गाड्यांचा धुरळा बसल्यावर दुकानदार म्हणाला, "बाई, मिठाचे पैसे तं आलेच नाई."

तिनं पुडी परत ठेवली.

पूर्वी डाकवाला तिच्या हातात देऊन जायचा ते निराधाराचं अनुदान आता तालुक्याच्या बँकेत जमा होऊ लागलं. ती जायची आणि रिकामी परत यायची. शेवटी मी सोबत गेलो.

काउंटरवरच्या तरुणानं मान वर केली नाही. "अंगठा जुळत नाही. उद्या या."

"उद्या एसटी नाही," मी म्हणालो.

"मग परवा या."

जन्मभर मोह वेचून, तेंदूपत्ता खुडून झिजलेला अंगठा परवा नवा फुटणार होता काय? बाई तो पदराला पुसत होती. "गुरुजी, माहा हात खराब हाय का?"

ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी इतका ओरडलो की मॅनेजर चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"ही बाई समोर उभी आहे. पासबुकावर फोटो हिचाच आहे. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

त्यानं कंटाळून ड्रॉवरमधून स्लिप काढली, शाईचं पॅड पुढं सरकवलं. बाईचा अंगठा, साक्षीदार म्हणून माझी सही. त्याचा चहा गार व्हायच्या आत पैसे तिच्या हातात आले.

"हे आधी काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सगळेच स्लिप मागायला लागले तर आमचं डिजिटलचं टार्गेट कसं पूर्ण होणार, सर?" हे त्यानं मला समजावून सांगितलं, हसत, मी त्याच्याच बाजूचा असल्यासारखं.

बाहेर बाजारात बाईनं नोट मोडून सुकट घेतली, थोडी मलाही दिली.

पुढच्या महिन्यात काउंटरवर दुसराच कुणी होता. "अंगठा जुळत नाही, आजी."

मी पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा ओरडायला लागलो.