टाळ्यांनी दिलेली सत्ता

एडमंटनमधल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सात वर्षं सचिव होतो. त्याआधी तीस वर्षं नागपुरात वृत्तपत्राच्या डेस्कवर काढलेली, म्हणून सभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे आलं. दरवर्षी मी एकच वाक्य लिहीत असे: टाळ्यांच्या गजरात अध्यक्षांची बिनविरोध फेरनिवड. ते खोटं नव्हतं. अध्यक्ष स्वतःच विचारत, "सर्वानुमते?" आणि पहिली टाळी स्वतःच वाजवत. मागे चहा उकळत असे. लोक टाळ्या वाजवून उठत.

मंडळ एका कॅथलिक चर्चचं बेसमेंट भाड्याने घेतं. तिथे रविवारी सकाळी दहाला बाईंचा मराठी वर्ग भरे. चौदा मुलं. बाई पंच्याहत्तरीच्या, इथेच मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर आठवड्याचा तो तास त्यांना धरून ठेवत होता. एका सभेत त्यांनी विचारलं, अध्यक्षांच्या नाटकाच्या तालमी कोणाच्या मंजुरीने होतात? आठवड्याभरात अध्यक्षांचा ईमेल आला: वर्ग बंद, ती वेळ तालमीला.

मी बाईंच्या घरी गेलो आणि सगळ्या सभासदांना निनावी ईमेल पाठवू, असं सुचवलं.

"निनावी? आणि तुम्ही म्हणे पत्रकार!"

मग चहा गाळता गाळता त्यांनी सांगितलं. तेराव्या शतकात युरोपातल्या ख्रिस्ती मठांमधले विद्वान, जुलमी राजाचं काय करायचं, याच प्रश्नावर वाद घालत. सत्ता सर्वांच्या हितासाठी असते. जो ती स्वतःच्या सोयीसाठी वापरतो, तो जुलमी. पण त्याला हटवणं हे एकेकट्याने मनाने ठरवायचं काम नाही. ज्या समाजाला राजा नेमण्याचा हक्क, त्यालाच तो काढण्याचाही.

"जुलूम किरकोळ असेल तर?"

"तर सोसावा, असंही म्हणत. उलथवताना त्याहून वाईट काही पदरात पडायचं."

"मग सोसा."

"चौदा मुलं घरी बसलीत. हे किरकोळ?"

मंडळाच्या घटनेची फाईल माझ्याच कपाटात होती. सात वर्षांत मी ती उघडली नव्हती; त्या रात्री उघडली. एक पंचमांश सभासदांच्या सह्या असतील, तर विशेष सभा बोलवावीच लागते. एका जरी सभासदाने मागणी केली, तरी मतदान गुप्त घ्यावं लागतं.

फेब्रुवारीत आम्ही सह्या गोळा केल्या. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये पेनची शाई गोठली, तेव्हा पेन्सिल काढली. घरासमोरचा बर्फ फावड्याने काढणारा एक जण अडखळला. "पण अध्यक्ष वयाने मोठे आहेत हो."

"मी त्यांच्याहून मोठी आहे," बाई म्हणाल्या. त्याने सही केली.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "ताई, हे बंड आहे. मंडळ फोडताय तुम्ही."

"समाजात फूट जुलमी पाडतो, त्याला अडवणारा नव्हे. सातशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय. वर्ग कोणी मोडला?"

अध्यक्ष सभेकडे वळले. "मला हटवण्याचा ठराव फेटाळावा. सर्वानुमते?" त्यांनी टाळी वाजवली. मागच्या रांगेतल्या एकाने सवयीने दोन टाळ्या दिल्या, तोच बायकोने त्याचा हात धरला. "अहो, थांबा की!" सगळं बेसमेंट हसलं. मी उभा राहिलो आणि गुप्त मतदानाची मागणी केली.

चिठ्ठ्या डोनटच्या रिकाम्या खोक्यात पडल्या. बावन्न मतं, त्यातली त्रेचाळीस अध्यक्षांना हटवण्याच्या बाजूने. लोक उठून उभे राहिले. "बाई अध्यक्ष!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाईंनी हात वर केला. "टाळ्यांनी नाही. पुन्हा चिठ्ठ्या वाटा. आणि माझं नाव नको, मला दहा वाजता वर्ग असतो."

एक डॉक्टर सभासद निवडून आल्या. कोणीही सलग दोन वर्षांपेक्षा जास्त अध्यक्ष राहणार नाही, असा ठरावही त्याच सभेत मंजूर झाला, मतं मोजून. माजी अध्यक्षांनी तालमीचं काय, असं विचारलं. "बारानंतर करा ना," बाई म्हणाल्या. "प्रयोगाला मी पहिल्या रांगेत."

पुढच्या रविवारी तापमान उणे सव्वीस होतं. पावणेदहालाच पार्किंग भरलं. चौदाच्या जागी सतरा मुलं आली. खुर्च्या कमी पडल्या आणि पहिल्या रांगेवरून इंग्रजीत भांडण जुंपलं. बाईंनी फळ्यावर डस्टर आपटला.

"मराठीत भांडा," त्या म्हणाल्या.

मग एका मुलीने शब्द जुळवत मोठ्याने सांगितलं, "ही माझी जागा आहे. मी आधी आली."