डॉक्टरांच्या गाडीचे दोन टर्बो

कारखान्यातलं काम सोडून गॅरेज काढलं तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. तात्या, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये टर्बाइन फिटर. विहारामागच्या आमच्या वस्तीतून कारखान्यात कायम झालेला पहिला माणूस. त्यांच्या हाताखाली मी सहा हंगाम हंगामी म्हणून काढले. सातव्याला मलाही कायम करणार होते, आणि नेमकी तेव्हाच मी निमगाव केतकीच्या अलीकडं रस्त्याला लागून पत्र्याची शेड ठोकली. तात्या आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, की फोरमनला सांगून जागा धरून ठेवली आहे, दसऱ्याला नव्या हंगामाचा बॉयलर पेटेपर्यंत. तोवर गॅरेजचं काही झालं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं हजर व्हायचं. मी मान डोलावली आणि मनात म्हणालो, बघाच तुम्ही.

बघण्यासारखं काही होत नव्हतं. ट्रॅक्टरचे क्लच, जीपचे ब्रेक, पानमळेवाल्यांच्या मोटरसायकली. हे काम तालुक्यात कुणीही करत होतं. मला काहीतरी असं हवं होतं की जे दुसऱ्या कुणाला येत नाही. मला ते येतं का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही.

अशात ज्येष्ठाच्या शेवटाला डॉक्टर आले. बारामतीचे, हाडांचे डॉक्टर. चाळिशीचा गृहस्थ, दवाखान्यात अतिशय शांत. पण त्यांच्याकडं एक परदेशी लाल गाडी होती, दोन दारांची, सहा सिलेंडरची, इतकी बुटकी की प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासायची. ती घेऊन ते पुण्याकडं मातीच्या मैदानावरच्या शर्यतींना जायचे. दुसऱ्यांची हाडं जोडायची आणि स्वतःची मोडायची तयारी ठेवायची, असा सगळा प्रकार. मागच्या शर्यतीत त्यांचा नंबर शेवटून दुसरा आला होता. शेवटचा जो होता त्याची गाडी वाटेतच बंद पडली होती.

त्यांनी एका इंग्रजी मासिकातलं चित्र माझ्यापुढं ठेवलं. इंजिनाला दोन टर्बो बसवलेले. टर्बो म्हणजे शंखासारख्या दोन डब्या पाठीला पाठ लावलेल्या. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एका डबीतलं चाक फिरवतो, त्याच दांड्यावर पलीकडच्या डबीत दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तर जाळ जास्त, जाळ जास्त तर ताकद जास्त. लोहाराचा भाता करतो तेच काम. फरक इतकाच की हा भाता मिनिटाला लाखभर फेरे मारतो.

डॉक्टरांनी विचारलं, जमेल का? मी तोवर टर्बो एकदाच पाहिला होता, तो एका ट्रकचा, आणि तोही बाहेरून. पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी म्हणालो, त्यात काय, एक बसतो तसा दुसरा बसतो. शर्यत नवरात्राच्या आधीच्या रविवारी होती.

आषाढात पुण्याच्या भंगार बाजारातून मी दोन छोटे टर्बो आणले, जपानी इंजिनांवरून उतरवलेले. मिरवत घरी घेऊन गेलो. तात्यांनी एक उचलला, बोटानं चाक फिरवून बघितलं, खाली ठेवला आणि विचारलं, "बॉयलर कवा पेटतोय, ध्यानात हाय न्हवं?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा माणूस दुसरं काही बोलायचाच नाही. त्यानंतर ते रोज विचारायचे. जेवताना, अंघोळीला निघालो की, गॅरेजला जाताना चप्पल घालत असलो की. बॉयलर कवा पेटतोय.

दोन महिने मी त्या इंजिनाला जुंपून घेतलं. पुढच्या तीन सिलेंडरांचा धूर एका टर्बोला, मागच्या तिघांचा दुसऱ्याला. त्यासाठी इंदापूरच्या भंगारवाल्याकडून बॉयलरच्या जाड नळ्यांचे वळणाचे तुकडे आणले, कापले, जोडले, दोनदा तडे गेले, पुन्हा जोडले. हवा कोंबली की इंजिनात दाब वाढतो आणि पिस्टन जळतात, म्हणून हेडखाली, इंजिनाच्या झाकणाच्या सांध्यात, तांब्याचं जाड गॅस्केट घातलं, म्हणजे आत जागा वाढून दाब उतरतो. ते बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कापून घेतलं, पहिल्यांदा उलटं कापलं गेलं आणि त्यावरून मी लेथवाल्याशी भांडलो. नंतर कळलं की मापाचा कागद मीच उलटा दिला होता. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनाचंच तेल लागतं, म्हणून तेलाच्या पंपापासून दोन्हीकडं बारीक नळ्या ओढल्या. गरम हवा गार करायला एका जुन्या जीपचा रेडिएटर पुढं उभा केला. दिसायला सगळं गबाळं होतं, पण गळत नव्हतं.

श्रावणाच्या शेवटाला गाडी रस्त्यावर काढली. इंदापूरच्या दिशेनं सरळ रस्ता मिळाल्यावर पाय दाबला. क्षणभर काहीच नाही, मग पुढून एक बारीक शीळ सुरू झाली, वाढत गेली आणि गाडीनं मला पाठीमागच्या गादीत दाबून धरलं. मी एकटाच मोठ्यानं हसलो. वरकुट्याच्या फाट्यावरनं वळून आलो तरी हसू जाईना. इतका आनंद मला पुढं स्वतःच्या लग्नातही झाला नाही, हे बायकोला माहीत आहे.

चौथ्या दिवशी मागच्या टर्बोची शीळ बसली. निळा धूर यायला लागला. उतरवून बघतो तर दांडा जाम, बेअरिंग काळंनिळं पडलेलं. मी म्हणालो, भंगाराचा माल, चालायचंच. पुण्याला जाऊन आणखी दोन आणले, एक चढवला, एक राखून ठेवला, मागची तेलाची नळी लांब पडते म्हणून तीही जाड घातली. आठवड्यानं पुढचा टर्बो गेला. त्याची नळी तर हातभरसुद्धा नव्हती. मग मात्र मला काही सुचेना. तेल बदललं, गाळणी बदलली, पंपाचा दाब मोजला, दाब उत्तम. सगळं बरोबर होतं आणि तरी टर्बो मरत होते. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, पेशंट दोनदा दगावला म्हणजे औषधापेक्षा सवयी विचाराव्यात. मला ते बोलणं तेव्हा उगाच शहाणपणाचं वाटलं.

मेलेला टर्बो मी घरी नेऊन ओट्यावर टाकला आणि आत गेलो. सकाळी उठलो तर तात्या तो मांडीवर घेऊन बसलेले. सगळा सुटा केलेला, भाग ओळीनं वर्तमानपत्रावर मांडलेले. कामावर जायच्या आधी गॅरेजला येतो म्हणाले. शेड ठोकल्यापासून त्यांनी तिथं पाय ठेवला नव्हता.

राखून ठेवलेला टर्बो पुढं चढवून मी गाडी तयार ठेवली होती. तात्या आत बसायला तयार होईनात. शेडच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, तू रोज चालवतोस तशीच चालव, माझ्यासाठी म्हणून काही करू नको. मी निमगावापर्यंत गाडी ताणली, वळलो, परत ताणली. गॅरेजच्या अलीकडं लांबट उतार आहे. उताराच्या तोंडाला मी नेहमीप्रमाणं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडी घरंगळत शेडमध्ये आणून उभी केली.

आमच्याकडं हे सगळेच करतात. उतार दिसला की इंजिन बंद. ट्रॅक्टर असो, जीप असो, मोटरसायकल असो, फुकट मिळणारा उतार कोण सोडतो? मला गाडी शिकवली त्या ड्रायव्हरनं गिअरच्या आधी हे शिकवलं होतं. ब्रेक जड होतात, धोका असतो, हे सगळं माहीत असून करतात. मला त्यात केल्यासारखं काही वाटतच नव्हतं, म्हणून रोज काय काय करतो याची उजळणी करताना ते एकदाही आठवलं नाही.

तात्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि हात वर करून मला गप्प केलं. इंजिन तर कधीच बंद झालं होतं, पण आत बारीक घरघर चालू होती. दोन्ही टर्बो अजून फिरत होते. तात्या कान देऊन ती थांबेपर्यंत उभे राहिले.

मग म्हणाले, "इंजिन बंद, म्हंजी पंप बंद. हे फिरतंय त्याला तेल कोण देतंय?"

सहा हंगाम मी हेच तर करत आलो होतो. टर्बाइन बंद करायचं म्हणजे नुसता वाफेचा व्हॉल्व्ह आवळून घरी जायचं नसतं. वाफ तोडली तरी तेलाचा पंप चालू ठेवायचा, रोटर, म्हणजे आतला चाकांचा दांडा, थांबला तरी हातानं थोडा थोडा फिरवत राहायचा, धग उतरेपर्यंत. एकदा वीज गेली तर तात्यांनी मला हातपंपावर उभं केलं होतं आणि दंड भरून आले तरी सोडलं नव्हतं. पॉवर हाउसमध्ये मी कधी ही चूक केली नसती. पण ते टर्बाइन म्हणजे कारखाना, आणि ही म्हणजे गाडी. एकाच दांड्यावरची दोन चाकं हातात खेळवूनही माझ्या डोक्यात दोन्हींची गाठ पडली नव्हती. मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडं न बघता पान्हे पुसत बसलो. तात्या चिडवतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, कामावर उशीर होतोय, सोड मला.

उपाय फुकटचा होता. पळवून आणली की दोन मिनिटं इंजिन नुसतं मंद चालू ठेवायचं, मग बंद करायचं. उतारावर किल्लीला हात लावायचा नाही. करायला सोपं आणि पाळायला महाकठीण, कारण हात आपोआप जायचा. डॉक्टरांना तर दोन मिनिटं स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षा. चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस झाले. शीळ तशीच स्वच्छ.

शर्यतीत डॉक्टरांचा चौथा नंबर आला. बक्षीस तिघांनाच होतं. पण शेवटच्या फेरीत ती लाल गाडी धुळीतून शीळ घालत दोन गाड्यांच्या पुढं निघाली तेव्हा मी दोरीपाशी उभा राहून कुणाचीतरी टोपी उडवली. आणि संपल्यावर सगळे डॉक्टरांना खाली उतरायला बोलवत असताना ते गृहस्थ घड्याळाकडं बघत आत बसून होते.

पण घरी येताना माझं मन जड झालं. एक गाडी झाली, पुढं काय? इंदापूर तालुक्यात दुसरी शर्यतीची गाडी येणार कुठून? उद्यापासून पुन्हा क्लच आणि ब्रेक. आणि माझी एवढी मोठी चूक ज्यांनी एका नजरेत पकडली, त्यांच्यापासून लांब जाऊन मी काय शिकणार होतो? तीन दिवस विचार करून ठरवलं की हजर व्हायचं. दसऱ्याला कारखान्यावर गेलो. बॉयलरची पूजा झाली, अग्नी दिला, नारळ फुटले. गर्दी पांगल्यावर फोरमनसाहेबांना गाठून म्हणालो, मी आलोय, माझी जागा.

ते म्हणाले, "कसली जागा? तुझ्या बापानं आखाडातच सांगितलं, पोरगं येत न्हाय, दुसरा बघा. माणूस भरून दोन महिने झालं."

मोटरसायकलवरून घरी येईपर्यंत माझा संताप मस्तकात गेला होता. रोज उठून बॉयलर कवा पेटतोय म्हणून डोकं खायचं आणि तिकडं परस्पर जागा सोडून द्यायची? तात्या कामावरून येऊन ओट्यावर पाय धूत होते. मी गाडी उभी करायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. जागा नव्हती तर मला झुलवत का ठेवलं, मला विचारलं का नाही, जे तोंडाला आलं ते बोललो. आई आतून बाहेर आली. तात्यांनी पाय धुतले, पुसले, आणि मग बोलले.

"त्या दोन डब्या आणल्यास त्या दिवशी तू जेवायचं इसरलास. तुझी आई दोनदा बोलवून गेली, तुला ऐकूच गेलं न्हाय. सा हंगाम माझ्या हाताखाली काम केलंस, कवा जेवायचं इसरला न्हाईस. दुसऱ्या दिवशी जाऊन जागा सोडून आलो."

मी विचारलं, मग रोज विचारत का होता? ते म्हणाले, "तारीख न्हाई म्हणलं असतं तर तू अजून गॅस्केटच कापत बसला असतास."

आईला हसू फुटलं. मला हसता येईना, कारण रडू आलं होतं आणि ते लपवायला ओट्यावर जागा नव्हती. तात्यांनी पंचा माझ्याकडं टाकला आणि विचारलं, उद्या गॅरेज किती वाजता उघडतोस, मला सुट्टी आहे.