डॉक्टरच्या नाटकातलं एक वाक्य

मेहकरच्या कॉलेजात मी एकवीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्या काळात सात नाटकं लिहिली. लोकांनी सातही वेळा टाळ्या वाजवल्या आणि चपला पायात घालेपर्यंत नाटक विसरले. तरी गावातला नाटककार म्हटलं की माझ्याकडेच बोट जायचं. मग डॉक्टर आला.

तो मूळचा डोणगावचा, बौद्ध कुटुंबातला. आमची शेती तिथलीच. त्याची आई आमच्या शेतात तण निंदायला यायची. नागपूरला शिकून त्यानं मेहकरात बसस्टँडजवळ दवाखाना टाकला तेव्हा मी हार घेऊन गेलो होतो. तोवर तो फक्त डॉक्टर होता.

माझी बायको थायरॉइडसाठी त्याच्याकडे जायची. एका सकाळी ती परत आली ती झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन.

"डॉक्टरसाहेबांनी नाटक लिवलं. मले त्यात काम देऊन राह्यले."

"माझ्या नाटकात तू कधी उभी राहिली नाहीस."

"तुमच्या नाटकातल्या बाया चहा ठेवतात न् आत जातात. त्याच्यासाठी काऊन उभं राहू?"

दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः घरी आला. म्हणाला, "सर, तुम्ही वाचा. तुम्ही सांगाल ते बदलतो." हे सुचलं कसं, असं मी विचारलं. क्रोएशियातला एक ज्यू डॉक्टर पेशंट तपासता तपासता नाटकं लिहायचा, असं त्याच्या वाचनात आलं होतं. "त्याले जमलं, त मले काऊन नाही जमणार?" तो हसत म्हणाला. मी जाणत्यासारखी मान हलवली आणि तो गेल्यावर मुलीच्या शाळेच्या नकाशात क्रोएशिया शोधला. साहित्य मी शिकवायचं, आणि ही गोष्ट त्याला माहीत!

नाटक मी एका बैठकीत वाचलं. एक म्हातारी रोज दवाखान्यात येऊन बसते. डॉक्टर विचारतो, "काय होऊन राह्यलं, आजी?" ती म्हणते, "काई नाई होऊन राह्यलं, म्हणूनच त आली."

त्या वाक्यावर मी थांबलो. अशा म्हाताऱ्या मी जन्मभर पाहिल्या होत्या. आमच्या ओट्यावर बसायच्या, एसटीत शेजारी बसायच्या. पण त्यांचं बोलणं माझ्या कानावरून गेलं आणि त्याच्या कानात राहिलं. मी जळलो. निंदायला येणाऱ्या बाईचा मुलगा माझ्यापेक्षा चांगलं लिहितो, हे त्या आगीतलं मोठं लाकूड होतं. तसं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

पंधरा दिवस मी गठ्ठा मुद्दाम ठेवून घेतला. मग डॉक्टरला सांगितलं, "कथा बरी आहे. पण ही भाषा चालणार नाही. स्पर्धेचे परीक्षक पुण्याकडचे असतात, ते हसतील. प्रमाण मराठीत करा."

त्यानं गठ्ठा परत घेतला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता त बरोबरच असन, सर."

त्यानं सगळं नाटक पुन्हा लिहिलं. दवाखाना सांभाळून, दुपारच्या जेवणाच्या वेळात. ती म्हातारी आता म्हणू लागली, "काहीच घडत नाही, म्हणून तर आले." तालमीला मी मागच्या खुर्चीवर बसायचो. नाटक डोळ्यांदेखत मरत होतं आणि मला बरं वाटत होतं. घरी मात्र म्हातारीचं काम करणारी बायको भांडी घासताना जुनंच वाक्य पुटपुटायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

बुलढाण्याला स्पर्धेत आमचा नंबर दुपारी लागला. पडदा उघडला. डॉक्टरचं काम करणाऱ्या शिक्षकानं विचारलं, "काय होतंय, आजी?"

बायको खुर्चीवर बसली, पदर सावरला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काई नाई होऊन राह्यलं, म्हणूनच त आली."

सभागृहात आधी हशा उठला. मग तो एकदम विरला, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईनं रुमाल काढला. शिक्षक गोंधळला, पण दुसऱ्या वाक्यापासून तोही वऱ्हाडीवर आला. नाटक दुसरं आलं, बायकोला अभिनयाचं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी भाषेचं कौतुक केलं, तेव्हा टाळ्या वाजवताना माझे हात जड झाले होते.

परतीच्या गाडीत मी तिला विचारलं, "ऐनवेळी का बदललंस?"

"म्या कुठं बदललं?" ती म्हणाली. "बदललं त तुमी होतं."

आठवडाभरानं मी दवाखान्यात गेलो आणि पेशंटांच्या बाकावर नंबर लावून बसलो. आत गेल्यावर सांगितलं, "ती सूचना मी जळून केली होती. भाषेत काही खोट नव्हती."

डॉक्टर माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होता. त्याचे हात थांबले. "मले वाटलं, माह्याच भाषेत काही कमी हाय," तो म्हणाला. "लिहिताना लाज वाटू लागली होती, सर. आईच्या बोलण्याची."

त्यानं पट्टा फुगवला, आकडा पाहिला, मीठ कमी करायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यानंतर त्यानं आणखी तीन नाटकं लिहिली. मला वाचायला एकही दिलं नाही. मी तिकीट काढून जातो, मागे बसतो, आणि प्रत्येक वेळी एखादं तरी वाक्य असं येतं की ते माझं असायला हवं होतं असं वाटून जीव तडफडतो. बायको तेव्हा स्टेजवर असते.