बैलगाडीच्या मापाची जीप

आमच्या अंगणात एक जीप होती आणि ती पूर्ण जोडलेली मी फार थोड्या वेळा पाहिली. कधी तिचं बॉनेट गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं असायचं, कधी सीट बाजेवर पडलेली, कधी गिअरबॉक्स रॉकेलच्या घमेल्यात बुडालेला. एकदा पाहुण्यांना पाणी द्यायला गेले तर तांब्याच्या तळाशी नट निघाले. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली ही गाडी आमच्या यांनी नागपूरहून आणली, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. स्टिअरिंग डावीकडे, दारं नाहीत, वर टप नाही. बंदूक अडकवायची एक आकडी तेवढी शाबूत होती. तिला आम्ही कंदील टांगायचो.

नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. रागाच्या भरात मी घेतलं असतं तरी यांना ऐकू गेलं नसतं, इतका वेळ हे गाडीखाली असायचे. यांच्या जोडीला एक दोस्त होता, शेजारच्या तांड्यावरच्या नाईकाचा मुलगा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले लमाण. आता तांड्याला शेती होती, पण फिरण्याचं रक्त कुठं जातं? तो सकाळी आपल्या शेतात जायचा आणि दुपारी आमच्या अंगणात उगवायचा. दोघं मिळून गाडी खोलायचे, पुसायचे, जोडायचे, आणि जोडून झाली की एकमेकांकडे पाहून पुन्हा खोलायचे.

असे वेडे आणखीही होते. वणीचा एक डॉक्टर, जंगलाचा एक ठेकेदार. सगळ्यांकडे लढाईतून आलेल्या गाड्या. बाजाराच्या दिवशी मारेगावला भेटले की बायकांनी लुगड्याचे काठ पाहावेत तसे हे एकमेकांच्या गाड्या पाहत. डॉक्टरांनी मागं सागवानी पेटी बसवून घेतली म्हटल्यावर आमच्याकडे सागवानी बाकं आली. ठेकेदारानं टप शिवला म्हणून आमचाही टप शिवला गेला, आणि दोस्ताच्या आईनं, तो तिला याडी म्हणे, त्याच्या काठाला कवड्या आणि आरसे लावून दिले. लष्कराच्या हिरव्या गाडीला कवड्यांची झालर. रेडिएटर गळायला लागला तर सासूबाईंच्या डब्यातली हळद त्यात गेली. गळणं थांबलं, पण सासूबाई त्या दिवशी बिनहळदीच्या वरणावर जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मला या सगळ्याचं आधी हसू यायचं. नंतर येईना, कारण माझं घोडं त्या गाडीपाशी अडलं.

मी यवतमाळची, मॅट्रिक झालेली. आमच्या या कापसाच्या गावात माझ्या मॅट्रिकचा उपयोग दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवण्यापलीकडे काही नव्हता. माझं मन घरात टिकत नव्हतं. भाकरी थापतानाही माझे पाय हलत असत, आणि सासूबाई म्हणत, "बाई, पायाले भिंगरी बांधली का तुह्या?" अशात राखीच्या सुमाराला मारेगावच्या मुलींच्या शाळेतून निरोप आला. तिथल्या बाई दिवाळीनंतर सोडून जाणार होत्या. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी पहिल्या घंटेला हजर झाले तर जागा माझी, नाहीतर दुसरी एक बाई तयार होतीच.

सासरे, आम्ही मामंजी म्हणायचो, कमी बोलणारे. त्यांनी निरोप ऐकला, अडकित्त्यानं सुपारी फोडली आणि म्हणाले, "नोकरीले ना नाई. पण या घरची सून पायी तुडवत नोकरीले जाणार नाई. घरच्या गाडीनं जाशीन तं जाय."

बैलगाडीनं रोज जाणं शक्य नव्हतं, बैल शेतात लागत. बस आमच्या फाट्यावर थांबेल त्या दिवशी आम्ही पेढे वाटणार होतो. घरची गाडी म्हणजे ती अंगणातली. माझी नोकरी त्या दिवशी चार चाकांवर गेली, आणि ती चारही चाकं तेव्हा तुळशीपाशी रचून ठेवलेली होती.

मग मी गाडीच्या मागं लागले. हातात चहा दिला की विचारायचं, आज काय बसलं? आज ब्रेक बसला. उद्या काय? उद्या ब्रेक पुन्हा काढावा लागेल, कारण आणखी एक चांगला उपाय सुचला आहे. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं रोजचं. पोळा झाला, दसरा झाला, शेपूट काही जाईना. एक दिवस माझा तोल सुटला. हे गाडीखाली आडवे आणि मी वरून बोलते आहे.

"तुमाले हे गाडी चालू करायचीच नाई. सांगून टाका एकदाचं."

पाना थांबला. हे खालूनच म्हणाले, "खरं सांगू? चालू झाली का ते घरची होते. बाबा म्हणतीन सरकी आण, आई म्हणीन देवाले घेऊन चाल. खोलून हाय तवरच ते माही हाय."

तोंड दिसत नव्हतं म्हणून कदाचित इतकं खरं बोलले असतील. मला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्याच्यासोबत दुसरंही काही आलं. या घरात माझं म्हणावं असं काय होतं? ती न मिळालेली नोकरी, तेवढीच. मी म्हटलं, "मंग तुमी तुमचं सांभाळा, मले माहं द्या. दिवाळीपर्यंत गाडी पायजे." खालून पाना पुन्हा वाजायला लागला. दुसऱ्या दिवसापासून मात्र कामाला खरा जोर आला.

जोर आला तो असा. आमच्या गावापासून मारेगावच्या सडकेपर्यंतचा रस्ता म्हणजे काळ्या मातीतली गाडवाट. पावसाळ्यात बैलगाड्यांची चाकं चिखल कापत जातात, आणि ऊन पडलं की त्या दोन खोल चाकोऱ्या विटेसारख्या कडक होतात. जीपची चाकं बैलगाडीपेक्षा जवळजवळ. एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, अशी ती कलती होऊन चालायची. मी एकदा बसले होते, तर अर्धा रस्ता यांच्या अंगावर आणि अर्धा रस्ता बाहेर लोंबकळत गेला. इतर जीपवाले हे सोसत होते. आमच्या या दोघा वेड्यांना सोसवेना.

दोस्त म्हणाला, "वैनी, रस्ता काही आपल्या गाडीसारखा होत नाई. आपुन गाडीच रस्त्यासारखी करू."

त्यांनी आमच्या दमणीचा, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीचा, आस सुतळीनं मोजला. वणीच्या लेथवर जाड लोखंडी कड्या कातून आणल्या आणि चाकांच्या आत बसवून चाकं बाहेर ढकलली. चारही चाकं आता बैलगाडीच्या मापाची झाली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडी चाकोरीत घातली, आणि खोटं कशाला बोलू, लोण्यातून सुरी जावी तशी ती गेली. हादरा नाही, कलणं नाही. हे तर स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवत होते. बाजारात डॉक्टर खाली वाकून कड्या पाहत बसले, ठेकेदार म्हणाला मलाही करून द्या. यांची छाती गाडीएवढी रुंद झाली. मलाही अभिमान वाटला. नवऱ्यानं माझ्यासाठी लष्कराची गाडी बदलली, असं मी मनाशी घोळवत होते.

शाळेचा दिवस उजाडला. मी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसले, डबा घेतला, टपाखाली जाऊन बसले. मागच्या बाकावर दोस्त, कारण इतकं केल्यावर तो घरी कसा राहणार? गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली. आम्ही चाकोरीत शिरलो आणि पहिल्या वळणाशीच थांबलो.

पुढं कापूस होता.

दिवाळी झाली की आमच्याकडे वेचलेला कापूस सरकी काढायला मारेगावच्या जिनाकडे निघतो. भरलेल्या गाड्या एकामागं एक, कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला, बैलांच्या गळ्यात घुंगरं. प्रत्येक शेताच्या वाटेवरून आणखी एक येऊन रांगेत घुसते. हे पोराबाळांनाही ठाऊक असतं. पण कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा आणि पिढ्यान्‌पिढ्या माल वाहणाऱ्याचा मुलगा, या दोघांनी इतके दिवस गाडी चाकोरीत चालेल कशी एवढाच विचार केला होता. चाकोरीत आपल्या पुढं कोण असेल हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही, पण मी निदान चाकं बदलली नव्हती.

"हॉर्न वाजवा," मी म्हटलं.

वाजवला. पुढच्या गाडीवान काकांनी वळून पाहिलं, हसले, आणि हात हलवून सांगितलं की मागं मागं या. भरली गाडी वाट सोडत नाही, रित्यानं सोडायची, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणजे बाहेर आम्हीच निघायला हवं. यांनी स्टिअरिंग वळवलं. चाकोरीची भिंत चाकाला घासली आणि कड्यांतून कर्र असा आवाज आला.

"नका काढू," दोस्त मागून म्हणाला. "बोल्ट तुटतीन. एवढी खोल चाकोरी हाय, हे आता बाहेर येत नाई."

साधी जीप असती तर एव्हाना कलंडत, धडपडत, धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून का होईना, पुढं गेली असती. आमची सुधारलेली जीप बैलांच्या पावलानं चालली होती. पहिला गिअर, क्लच, पहिला गिअर. समोर गाडीच्या मागं टांगलेली वंगणाची नळी डोलत होती आणि टपाच्या कवड्या शांतपणे वाजत होत्या. दोस्त म्हणाला, "आमचे आजे बी बैलाच्या मांगंच चालले, वैनी. त्यायनं मुलूख पाहिला." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचं गिळलं.

सूर्य वर येत होता. आणि हे? यांचा चेहरा मी विसरणार नाही. हे खूष होते. खाली वाकून चाकाकडे बघत होते. "पाह्य," मला म्हणाले, "एक ठेच लागून राह्यली का?"

मी खाली उतरले.

"काहून?" हे म्हणाले.

"तुमची गाडी चांगली झाली," मी म्हटलं. "बसा तिच्यात."

धुऱ्यावरून मी चालायला लागले. बाभळीचे काटे लुगड्याला ओढत होते. एक गाडी मागं पडली, दुसरी पडली. गाडीवान बघत होते. गावातली माणसं सगळी, कुणी काका, कुणी भासरे, नात्यानं थोरले दीर. पदर सावरायचा की काटे, तेच कळेना. आणि रांगेच्या अगदी पुढं, आमच्या शेतातल्या पहिल्या वेचणीच्या कापसावर, मामंजी बसले होते. ते पहाटेच निघाले होते. ते मला वाटेत भेटतील हे मला कळायला हवं होतं, पण त्या सकाळी कुणालाच काही कळत नव्हतं.

त्यांनी कासरा ओढला नाही. वरून विचारलं, "गाडी काय झाली?"

"मागं हाय," मी म्हटलं. "तुमच्याच रांगीत."

ते कापसावर अर्धे उठले. मागं लांबवर, सगळ्या पांढऱ्या गाड्यांच्या शेवटी, कवड्यांचा टप दिसत होता. ते पुन्हा बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्यांनी बाजूचा कापूस हातानं दाबून जागा केली. "बस वर. हे बी घरचीच गाडी हाय."

ती जागा मला अजून दिसते. बसले असते तर त्यांचा शब्द राहिला असता, माझीही लाज राहिली असती, आणि सगळ्या गावादेखत सासऱ्यानं सुनेला जागा दिली असं झालं असतं. ते मायेनंच म्हणाले होते. म्हणूनच माझा एक हात गाडीला लागला. पण बैल दुपारशिवाय मारेगावला पोचणार नव्हते.

"नाई मामंजी," मी म्हटलं. "घंटा होऊन जाईन."

त्या घरात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी उत्तराची वाट पाहिली नाही, पाहिली असती तर कदाचित बसले असते. सडकेपर्यंत मी चालले, मग चक्क पळाले, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून. शाळेच्या फाटकात शिरले तेव्हा शिपाई घंटेपाशी उभा होता. धापा टाकत टाकत मी त्याला म्हटलं, वाजवा आता.

संध्याकाळी परत आले तीही पायीच. अंगणात जीप होती, दोन्ही पुढची चाकं काढलेली, कड्या वेगळ्या काढून ठेवलेल्या. मामंजी ओट्यावर सुपारी कातरत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पुढं किती तरी दिवस पाहिलं नाही. पायी जाऊ नको असंही ते म्हणाले नाहीत, आणि जा असंही नाही. मी वाट पाहत उभी राहिले, मग घरात शिरले आणि पायातले काटे काढत बसले. रडू येत होतं, नोकरी मिळाल्याचं की त्या कापसावरच्या रिकाम्या जागेचं, मला सांगता येणार नाही.

हे आत आले. हात काळे, कपाळावर ग्रीस. सुई माझ्या हातून घेतली, कंदील जवळ ओढला आणि टाचेतला एक काटा अलगद काढला. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. चुकलं म्हणतील, किंवा उद्या सोडून देतो म्हणतील.

"उद्या बी पायीच जाशीन न?" यांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मंग गाडीची घाई नाई, इंजिन खाली काढतो," हे म्हणाले, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.